चेंडू वर, गुडघे खाली

त्याचं नाव दरवर्षी बदलतं. कधी तो कॅमेरूनचा असतो, कधी सर्बियाचा, कधी टेक्सासातल्या कुठल्याशा शाळेतला, आणि एकदा तर पंजाबातल्या बल्लो के गावचाही होता. वय १९. उंची सात फूट आणि वर सुटे इंच. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट जून महिन्यात भरतो; ३० संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात. त्या रात्री हा खास शिवून घेतलेला सूट घालून (तयार मिळणं शक्यच नाही) मंचावर चढतो, संघाची टोपी डोक्यावर ठेवतो आणि लीगच्या आयुक्तांशी हात मिळवताना फोटोसाठी किंचित वाकतो. त्याला कोणी वाक म्हणालेलं नसतं. तो आपणहून वाकतो.

ते वाकणं ध्यानात ठेवा.

मी स्वतः पाच फूट चार इंच. शाळेच्या संघात मी राखीव खेळाडू होतो आणि राखीवच राहिलो, त्यामुळे उंच माणसांबद्दल माझं मन निर्मळ नाही हे आधीच सांगून टाकतो. पण गेली बरीच वर्षं हिवाळ्यात पहाटे साडेपाचला उठून, आवाज बंद करून मी हे सामने बघत आलोय. तिकडे आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. आमच्या घरात दुसऱ्या कोणाला या खेळातलं काही कळत नाही, पण सात वाजता चहा घेऊन येताना बायको एक प्रश्न नेमाने विचारते, "उठला का तुमचा तो?" मी मान हलवतो. तो बाकावरच असतो. बसल्या बसल्या, शेजारी उभ्या असलेल्या पाणी देणाऱ्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडेल, एवढा.

या धंद्यात मुरलेल्या माणसांपासून कालच्या पोरापर्यंत सगळे एक वाक्य म्हणतात : उंची शिकवता येत नाही. खरंच आहे. पण त्यावरून 'बाकी सगळं शिकवता येतं' असा अर्थ काढला जातो आणि तिथे घोळ होतो. सहाफुटी पोरगा आला की त्याला विचारतात, तू आजवर काय केलंस? सातफुटी आला की त्याला कोणी काही विचारत नाही, आपापसातच बोलतात, हा पुढे काय काय करेल! याला तिकडे 'अपसाइड' म्हणतात. आपल्याकडे स्थळ आणणारा मध्यस्थ 'मुलगा होतकरू आहे' म्हणतो ना, तेच. होतकरू याचा अर्थ सध्या काही करत नाही.

ड्राफ्टच्या आधी शिकागोला मोजमाप होतं. अनवाणी उंची किती, पसरलेले हात किती, उभ्याने हात वर केला तर बोटं कुठवर पोचतात. बैलबाजारात दात बघतात त्याहून थोडं सभ्यपणे, इतकंच. २०१३ साली फ्रान्सच्या रूडी गोबेरचे हात टोकापासून टोकापर्यंत सात फूट साडेआठ इंच भरले, आणि वर केलेली बोटं नऊ फूट सात इंचांवर टेकली. रिंग असते दहा फुटांवर. म्हणजे याला उडी मारायचं कारणच नाही, जरा उसळला की झालं. तरी २६ जणांची नावं पुकारून झाल्यावर याचा नंबर लागला, आणि पुढे याच गोबेरने वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब चारदा घेतला. असल्या गोष्टी फार घातक. त्या ऐकून दर जूनमध्ये दोन-तीन संघांना वाटतं, आपल्या दारातला एरंड हा मुळात ऊसच आहे, नीट पाणी मिळालं नाही म्हणून तसा दिसतो.

आपला हा नायक खेळात मुळात येतोच उशिरा. त्यात त्याचा दोष नाही. हकीम ओलाजुवान लागोसमध्ये हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलच्या संघात गोली असायचा. बास्केटबॉल त्याने हातात घेतला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास. याउंदेच्या ज्योएल एम्बीडचंही तसंच, तो व्हॉलीबॉलमधला. पोरगा अचानक वाढतो, पँटी तीन महिन्यांत आखूड होतात, आई शिवून शिवून थकते, आणि मग एके दिवशी कोणीतरी येऊन त्याला रिंगेखाली नेऊन उभा करतो. शाळेत त्याला काही शिकावंच लागत नाही. बाकीची पोरं याच्या कोपराशी. चेंडू वर फेकायचा. हा तो वरच्यावर घेणार आणि वरच्यावर रिंगेत ठेवणार, फळीवरचा डबा काढून द्यावा तसा. टाळ्या. मग हा एनबीएत येतो आणि पहिल्या सकाळी त्याला कळतं की इथे सगळ्यांचेच हात फळीपर्यंत पोचतात.

शिवाय त्याला सेंटर, म्हणजे रिंगेखालचा उंच गडी, व्हायचंच नसतं! ही यातली खरी गंमत. त्याच्या फोनमध्ये भरलेले व्हिडिओ असतात गार्ड लोकांचे : बुटके, चपळ, पायांतून चेंडू काढणारे, तीस फुटांवरून थ्री, म्हणजे तीन गुणांचा लांबचा शॉट, टाकणारे. हा सरावाला येतो तो हॉलच्या मध्यापासून चेंडू आपटत येतो. चेंडू वाटेत एकदा त्याच्या बुटावर पडतो. बूट मोठा, त्यामुळे चेंडू लांब जातो.

आणि मग येतो कोच. मुख्य कोच नव्हे, त्यांना इतर पंधरा व्याप असतात. उंच पोरांसाठी संघात एक वेगळा सहायक ठेवलेला असतो. पन्नाशीचा गृहस्थ. एके काळी स्वतः सेंटर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जिना उतरतो तो कठडा धरून, आडवा, खेकड्यासारखा. गळ्यात शिट्टी, बगलेत स्पंजची एक जाड ढाल. सराव करताना पोरांना तिने ढकलायचं असतं. एवढे मोठे देह घेऊन नाच शिकवणाऱ्यांची ही परंपरा जुनी आहे. पीट न्यूवेल यांनी १९७६ पासून तर उंच खेळाडूंसाठी उन्हाळी शिबिरच चालवलं, आणि त्यात मुख्य विषय एकच, पाय.

"बिग फेला," कोच म्हणतो, "रिंगेखाली ये."

"कोच, मी थ्रीचा सराव..."

"रिंगेखाली."

तिथे त्याला जे करायला लावतात त्याला माइकन ड्रिल म्हणतात, आणि ते बघायला अतिशय साधं आहे. रिंगेखाली उभं राहायचं. डाव्या पायावर उडून उजव्या हाताने बोर्डाला लावून चेंडू आत. जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागू न देता झेलायचा, लगेच दुसऱ्या बाजूला पाऊल, आता उजव्या पायावर उडून डाव्या हाताने आत. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. घंटेच्या लोलकासारखं. आणि अट एकच : सगळा वेळ चेंडू हनुवटीच्या वर. आठ वर्षांची मुलं हे करतात. सातफुटी, कोट्यवधींचा करार झालेला, टीव्हीवर दिसलेला हा पोरगा चौथ्या फेरीला चुकीच्या पायावर उडतो, पाचव्याला चेंडू स्वतःच्या डोक्यावर घेतो, आणि सहाव्याला पायात पाय अडकून असा काही थांबतो की जणू दोघांपैकी कुठला पाय आपला, हे तो आठवतोय.

ज्याच्या नावाने हा सराव चालतो तो जॉर्ज माइकन १९४२ साली असाच होता. सहा फूट दहा इंच, जाड भिंगांचा चष्मा, चालताना खांदे पडलेले. नोत्र दाम विद्यापीठाने त्याला बोजड म्हणून परत लावलं होतं. शिकागोतल्या डीपॉल विद्यापीठात रे मायर नावाचा नवाकोरा तरुण कोच आला आणि त्याने या ओंडक्यावर रंधा मारायला घेतला. दोरीवरच्या उड्या, हवेत ठोसे मारणं, रोज दोन्ही हातांनी शेकडो हुक शॉट. एवढ्यावर थांबला नाही. त्याने माइकनला नाचाची शिकवणी लावली, आणि शिकवायला एक मुलगी बोलावली. दोघं नाचताना कसे दिसत असतील त्याचा फोटो माझ्या पाहण्यात नाही, पण ते मला रोज पहाटे दिसतात. त्या माइकनला आवरता आवरता खेळाचे नियम बदलावे लागले. रिंगेकडे खाली येणारा चेंडू अडवायला कॉलेज बास्केटबॉलने बंदी घातली. १९५१ मध्ये एनबीएने रिंगेसमोरचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट रुंद केला. त्याच्याविरुद्ध खेळताना चेंडू नुसता दाबून धरून बसायची युक्ती एका संघाने १९५० मध्ये केली, आणि अख्खा सामना १९-१८ असा संपला.

आपल्या पोराला हे कोच सांगतो. पोरगा आदराने ऐकतो आणि विचारतो, "तो थ्री टाकायचा का, कोच?" त्या काळी थ्री नव्हताच.

आता मूळ दुखण्याकडे येतो. बरीच वर्षं बघितल्यावर मला असं वाटायला लागलंय की या पोराला चेंडू येत नाही हा त्याचा रोग नव्हे. तो फार सभ्य आहे, हा आहे. बाराव्या वर्षापासून तो जगाला आडवा येतोय. सिनेमात मागच्यांना दिसत नाही, बसमध्ये त्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत, वर्गाच्या फोटोत तो नेहमी मागे, तरी त्यालाच 'जरा वाक' म्हणणार. दार, नळ, आरसा, आजी, सगळं जग खालीच. त्यामुळे त्याला वाकायची सवय लागलेली असते, आणि तो वाकतो कुठे? मानेत. खांद्यात. गुडघे मात्र ताठ. कोचला हवं असतं नेमकं उलटं : गुडघ्यात वाक, मान वर. बसल्यासारखा उभा राहा. कारण या खेळात दोन धिप्पाड माणसं एकमेकांना ढकलतात तेव्हा ज्याचं बूड खाली, त्याची जागा पक्की. ताठ गुडघ्यांच्या सातफुट्याला सहा फूट आठ इंचांचा एखादा दणकट गडी कपाट सरकवावं तसा सरकवत नेतो, आणि आपला पोरगा सरकता सरकता 'सॉरी' म्हणतो.

"खाली बस!" कोच ओरडतो.

पोरगा मान खाली घालतो.

चेंडूचंही तेच. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू, त्याच्या हाती येतो अकरा फुटांवर, जिथे दुसऱ्या कोणाची बोटं नसतात. तिथेच ठेवला तर तो चेंडू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यासारखा. पण याला आयुष्यभर सवय : वरून काढलेली वस्तू खाली आणून द्यायची. तो चेंडू घेतो आणि इमानेइतबारे कंबरेपर्यंत खाली आणतो. तिथे सहाफुटी गार्ड वाटच बघत असतो. गर्दीतल्या पाकीटमारासारखा तो एक हात घालतो आणि चेंडू घेऊन पसार. मग पाच जण एका दिशेला पळत सुटतात, आणि हा रिकाम्या ओंजळीकडे बघत उभा. मी पहाटे सोफ्यावरून ओरडतो, "वर ठेव रे!" आतून आवाज येतो, "वर काय ठेवू?"

स्क्रीनचं तर विचारूच नका. स्क्रीन म्हणजे आपला गार्ड धावत जाणार, त्याच्या पाठलागावर असलेल्या माणसाच्या वाटेत जाऊन भिंतीसारखं उभं राहायचं. हलायचं नाही, नुसतं आडवं यायचं. कच्च्या सेंटरला पहिल्या वर्षी एवढं जमलं तरी संघ नवस फेडेल. पण ज्याचं बालपण लोकांच्या वाटेतून बाजूला होण्यात गेलं त्याला अडवायला सांगणं म्हणजे वारकऱ्याला धक्काबुक्की करायला सांगणं. समोरून माणूस वेगात आला की हा शेवटच्या क्षणी अंग चोरून त्याला वाट देतो. आणि ओरडा खाल्ला की पुढच्या वेळी त्याच्या अंगावरच जातो. फाउल!

हूल दिली की उडणं हा दुसरा फाउल. समोरच्याने नुसते खांदे उचलले, चेंडू जरा वर केला, की हा दिवाळीतल्या बाणासारखा सरळ वर. समोरचा शांतपणे त्याच्या खाली उतरण्याची वाट बघतो, याच्या अंगाला अंग लावून शॉट टाकतो आणि दोन फ्री थ्रो घेतो. अनुभवी गडी एका सामन्यात त्याला त्याच हुलेने तीनदा उडवतात. चौथ्यांदा हा शहाणा होऊन जमिनीवर राहतो. तेव्हा समोरचा खरंच शॉट टाकतो. सहा फाउल झाले की बाहेर. त्याला मात्र सहा क्वचितच पुरे करता येतात, कारण तिसऱ्यालाच मुख्य कोच त्याला उचलून बाकावर ठेवतात.

उरलं फ्री थ्रो. १५ फूट, समोर कोणी नाही, घाई नाही, आणि रिंग एवढी रुंद की दोन चेंडू शेजारी शेजारी जेमतेम आत न जावेत. बाकीच्या खेळात हा निदान गर्दीत हरवू शकतो. इथे वीस हजार लोक फक्त त्याच्याकडे बघत असतात. हात लांब, मनगट मोठं, चेंडू हातात संत्र्याएवढा. संत्रं अलगद फेकून बघा म्हणजे कळेल. जानेवारी २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने डेट्रॉइटच्या आंद्रे ड्रमंडला मुद्दाम फाउल करून करून रेषेवर उभं केलं. त्याने ३६ टाकले, १३ गेले. २३ चुकले, हा एका सामन्यातला विक्रम. दुसऱ्या टोकाला विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात १०० गुण केले त्या दिवशी त्याचे ३२ पैकी २८ फ्री थ्रो आत गेले. हाच माणूस जन्मभर रेषेवर अडखळणारा! त्या मोसमात तो दोन्ही हातांनी खालून, पायांच्या मधून चेंडू उचलून टाकत होता, घागर रिकामी करावी तसा. जमत होतं. पण तसं टाकताना आपण बायकी दिसतो असं त्याला वाटलं आणि त्याने ते सोडलं. सात फूट एक इंचाच्या, २७५ पौंडांच्या माणसाला, ज्याने शंभर गुण केले त्याला, लोक काय म्हणतील याची चिंता. मला वाटतं, फोटोसाठी वाकणाऱ्या पोराचा तो थोरला भाऊच.

मैदानाबाहेर हा फार गोड असतो. हॉटेलच्या पलंगावर तिरपा झोपतो. जुने खेळाडू नव्यांना छळतात त्या रिवाजाप्रमाणे सकाळी सरावाला डोनटचे खोके याने आणायचे आणि पाठीला कार्टूनचं चित्र असलेलं लहान मुलांचं गुलाबी दप्तर लावून हिंडायचं. दप्तर त्याच्या पाठीवर टाचणीने लावलेल्या बिल्ल्यासारखं दिसतं. आहारतज्ज्ञ बाई त्याला वजन वाढवायला सांगतात. पुढच्या वर्षी त्याच बाई कमी करायला सांगतात. एम्बीड २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पायाच्या दुखण्याने सलग दोन मोसम एकही सामना खेळला नाही. त्या काळात शर्ली टेंपल नावाचं गोडमिट्ट सरबत तो जगाच्या बरोबरीने पीत होता म्हणतात. २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्बियाच्या निकोला योकिचला तर अमेरिकेत येताना कोकाकोला सोडायला लागला. तो ४१वा निवडला गेला, आणि त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. तीनदा सर्वोत्तम ठरलेल्या माणसाच्या निवडीच्या वेळी अमेरिका काय बघत होती? खाण्याची जाहिरात.

पण हे सरबतवाले, कोकाकोलावाले आपल्याला ठाऊक आहेत कारण ते निघाले. न निघालेल्यांत सगळ्यात प्रसिद्ध दार्को मिलिचिच. २००३, दुसरा क्रमांक, डेट्रॉइट. त्याच्यानंतर निवडले गेलेले पुढचे तिघं कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड. डेट्रॉइटचा संघ तेव्हा इतका भरात होता की या १८ वर्षांच्या पोराला शिकवायला कोणाला सवड नव्हती. सामना खिशात पडला, प्रेक्षक गाड्या काढायला उठले, की त्याला शेवटची दोन मिनिटं सोडायचे. बॉस्टनचे जुने कोच रेड ऑरबाक जिंकल्याची खात्री पटली की बाकावरच सिगार पेटवायचे. त्यावरून दार्कोला 'विजयाचा सिगार' म्हणायला लागले. २००४ मध्ये त्या संघाने अजिंक्यपद मिळवलं, याच्याही बोटात अंगठी आली. आज तो सर्बियात फळबागा करतो. मला त्याच्याविषयी कधी वाईट वाटलं नाही. झाडाला 'वाढायला तुला चार वर्षं देतो' असं कोणी मंचावर उभं राहून सांगत नाही.

आपल्याकडचा सतनाम सिंग याच कुळातला. बरनाला जिल्ह्यातलं बल्लो के, शेतकऱ्याचं घर, लुधियानाची अकादमी, १४व्या वर्षी थेट फ्लोरिडा. सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलसने ५२व्या क्रमांकावर त्याला घेतलं. भारतात जन्मलेला पहिलाच. त्या पहाटे मी बायकोला झोपेतून उठवलं होतं, त्याचा विषय घरात अजून निघतो. पुढे तो डॅलसच्या धाकट्या संघातून खेळला, एनबीएच्या मैदानावर मात्र उतरला नाही, आणि आता अमेरिकेत कुस्तीच्या रिंगणात उतरतो. २०१५च्याच एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोने पंजाबी आईबापांचा, कॅनडातला सिम भुल्लर उतरवला. सात फूट पाच इंच. एकूण तीन सामने, तीनच मिनिटांच्या आसपास. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे, मुंबईचे. मराठी आडनावाच्या माणसाला उंच माणसाची हौस असावी, हे मला समजू शकतं.

त्याच रणदिव्यांचा संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियानाबरोबर दोन प्रदर्शनी सामने खेळायला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आला होता. दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो, आणि दीड तास आधी. सामन्यापेक्षा मला हेच बघायचं होतं. रिंगेखाली एक उंच गडी माइकन करत होता. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. चेंडू हनुवटीच्या वर. शेजारी सहायक कोच हात मागे बांधून उभा, तोंडाने नुसते आकडे मोजत. पुढच्या ओळीत एक मुलगा बापाला म्हणाला, "हे तर मलाही येतं." बाप म्हणाला, "पाहू या, घरी." मग सराव आटोपून तो गडी आत जायला निघाला. आत जायचं दार चांगलं दहाफुटी होतं. तो त्याच्याखालून जाताना वाकला.

माझ्या सिद्धांताला याहून मोठा पुरावा नको होता.

आता मार्च. आपल्या पोराचं तिसरं वर्ष. मधल्या काळात तो धाकट्या लीगमध्ये बसने हिंडून आलाय, दाढी ठेवून बघितलीय, काढलीय. संघ ३४ सामने हरलाय, आजचाही २० गुणांनी हरतोय, आणि म्हणून त्याला सोडलंय. इकडे सात वाजून गेलेत. बायको चहा घेऊन आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, उठला!" आणि चक्क बसली.

शॉट चुकला. चेंडू रिंगेवर दोनदा आपटून वर उडाला. चौघं उडाले, आणि चौघांच्या वर एक हात. घेतला! खाली आला तो गुडघ्यांत वाकून, बूड मागे, पाय रुंद. मी सोफ्यावरून उठलो. तीन गार्ड त्याच्याभोवती. एक कंबरेशी हात घालतोय, एक पोटाशी, एक पाठीमागून. चेंडू? चेंडू वर. दोन्ही हातांत, डोक्याच्याही वर, अकरा फुटांवर. पोरं त्याच्याभोवती उड्या मारतायत, आंब्याच्या झाडाखाली मारतात तशा. तो खाली बघत नाही. मान ताठ. कोपरं बाहेर. बाकावरचा कोच त्या गुडघ्यांनिशी उभा राहिलाय.

"आता टाकायचा नाही का तो?" बायकोने विचारलं.

एक. दोन. तो अजून धरून आहे. रिंग त्याच्या डोक्यावर आहे, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चेंडू वर राहिलाय, आणि तो सोडवत नाही. तीन.

शिट्टी. रिंगेसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबला. चेंडू समोरच्या संघाचा.

मुख्य कोचने कपाळाला हात लावला. उंच पोरांच्या कोचने मात्र हळूच मूठ आवळून हवेत हलवली. कॅमेरा त्याच्यावर अर्धा क्षण होता, पण मी पाहिलं. पोरगा तसाच उभा, चेंडू वर. पंच आले, चेंडूसाठी हात पुढे केला. हात त्याच्या छातीशी आला. पंच टाचांवर उंच झाले. तेव्हा कुठे पोराच्या लक्षात आलं. गुडघे सरळ केले, मान खाली घातली, आणि वाकून, दोन्ही हातांनी, चेंडू त्यांच्या हातात दिला.